अर्ध्या फोनांवर गुण बदलत नव्हते

फोंड्यातल्या भजन स्पर्धेसाठी एलिक्सिर भाषेतल्या फिनिक्स या वेब फ्रेमवर्कमध्ये थेट गुणफलक केला होता. गर्दी वाढेल म्हणून दुसरा सर्व्हर जोडला आणि घोळ झाला. परीक्षकांनी गुण भरले की काही फोनांवर लगेच दिसायचे, काहींवर जुनेच. पान पुन्हा उघडलं की बरोबर.

तासभर मी लाइव्हव्ह्यूचा, म्हणजे उघडं पान आपोआप ताजं ठेवणाऱ्या फिनिक्सच्या भागाचा, कोडच चाळत बसलो. शेवटी कन्सोलवर नोड.लिस्ट चालवलं (जोडलेले नोड, म्हणजे ॲपच्या इतर चालू प्रती, दाखवणारी आज्ञा), तर रिकामी यादी! दोन्ही सर्व्हर एकमेकांना ओळखतच नव्हते. फिनिक्सचं पबसब, म्हणजे बदलाचा संदेश सगळ्यांना पोचवणारी सोय, रेडिससारख्या वेगळ्या सर्व्हरशिवायही चालतं, पण संदेश जोडलेल्या नोडांनाच पोचतो.

नोड आपोआप जोडणारी लिबक्लस्टर ही लायब्ररी बसवली. तरी यादी रिकामीच. दोन्हीकडची कुकी, म्हणजे नोडांचा आपसातला गुप्त शब्द, वेगळी होती, ती एक केली. मग फायरवॉल: कुठला नोड कुठल्या पोर्टवर आहे ते सांगणाऱ्या ईपीएमडीचं ४३६९ पोर्ट बंद होतं. नोडांच्या आपसातल्या बोलण्याचं पोर्ट एरवी बदलत राहतं, म्हणून ते ९१०० वर पक्कं केलं. ही पोर्टं खाजगी नेटवर्कवरच उघडा, कृपा करून. कुकी हाती लागलेला माणूस तुमच्या नोडवर हवं ते चालवू शकतो.

रात्री मावशीचा फोन आला, "आमच्या पथकाचे गुण दिसले रे बाबा!"