हिमोफिलियाची जनुक तपासणी: ‘म्युटेशन आढळलं नाही’वर विसंबण्याआधी या चुका टाळा

गेल्या हिवाळ्यात सिन्नरची एक मुलगी रिपोर्ट घेऊन आमच्याकडे आली. लग्न ठरलेलं, धाकट्या भावाला तीव्र हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त गोठायला लागणारं फॅक्टर आठ हे प्रथिन फार कमी पडण्याचा आनुवंशिक आजार. तिची फॅक्टर आठची पातळी ६८ टक्के आणि खाली ओळ: ‘एफ-८ जनुकात म्युटेशन आढळलं नाही’, म्हणजे फॅक्टर आठ बनवणाऱ्या जनुकात दोष दिसला नाही. घरी पेढेही वाटून झाले होते. मी विचारलं, भावाचं म्युटेशन कोणतं? ते कुणी तपासलंच नव्हतं.

बहिणीपासून सुरुवात करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. हा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. भावाकडे एकच एक्स, त्यामुळे दोष लपायला जागा नाही. बहिणीकडे दोन, चांगली प्रत वाईट प्रतीवर पांघरूण घालते. फॅक्टरच्या पातळीवरही जाऊ नका. प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद असतो आणि कोणता, ते दैवावर, म्हणून वाहक बाईची (जिच्या एका प्रतीत दोष आहे तिची) पातळी अगदी नॉर्मल येऊ शकते.

दुसरी चूक तिच्या लॅबची. त्यांनी फक्त एक्झॉन वाचले, म्हणजे जनुकातले प्रथिनाची कृती सांगणारे तुकडे. त्यांच्या मधले तुकडे ते इंट्रॉन. हा जनुक १ लाख ८६ हजार अक्षरांचा, एक्झॉन २६. पण तीव्र रुग्णांपैकी जवळजवळ ४५ टक्क्यांत दोष असतो तो इंट्रॉन २२ च्या इन्व्हर्जनचा, म्हणजे तिथून तुटून जनुकाचा भाग उलटा होण्याचा. १९९३ मध्ये हे कळलं. २६ डब्यांची पंचवटी एक्सप्रेस समजा: पहिले २२ डबे कापून लांब नेऊन उलटे उभे केलेत, मागचे ४ जागेवर. डबा न् डबा शाबूत, म्हणून आत शिरून तपासणाऱ्याला सगळं ठीकच दिसतं. सँगर सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं ओळीने वाचणारी पद्धत) नेमकं तेच करतं, आणि नेहमीच्या एनजीएस पॅनेललाही (अनेक जनुक एकदम वाचणाऱ्या तपासणीला) हे बहुधा निसटतं. तीव्र रुग्णात आधी इंट्रॉन २२, मग इंट्रॉन १ चं इन्व्हर्जन (शंभरात एक ते पाच), आणि त्यानंतरच सिक्वेन्सिंग. सौम्य आजारात मात्र थेट सिक्वेन्सिंग करा.

आता लॅबच्या टेबलावर. हे इन्व्हर्जन शोधणाऱ्या इन्व्हर्स पीसीआरमध्ये डीएनए बीसीएल-१ एन्झाइमने कापतात, तुकड्यांची टोकं जोडून कडी करतात आणि त्या कडीवर पीसीआर लावतात, म्हणजे हव्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढतात. साधं बीसीएल-१ ५० अंशांना नीट चालतं. इनक्युबेटर सवयीने ३७ वर ठेवला की कापणी अर्धवट राहते, मग पुढे काहीही करा, शेवटी दिसणारा डीएनएचा पट्टा फिकटच. (३७ अंशांवर चालणारी सुधारित आवृत्ती मिळते, म्हणून डबी वाचा. आमच्याकडे एक आठवडा यातच गेला.) जोडणी भरपूर पातळ द्रावणात करा, डीएनए दाट असेल तर तुकडा स्वतःचं शेपूट धरण्याऐवजी शेजाऱ्याला चिकटतो.

जेलवर (विजेने तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर) नॉर्मल पट्टा ४८७ बेसचा (अक्षरांचा), इन्व्हर्जनचा ५५९ चा. फरक फक्त ७२ चा. एक टक्क्याच्या जेलवर घाईघाईत वीस मिनिटं पळवलंत तर दोन्ही एकच दिसतील. जेल दोन टक्क्यांच्या वर घ्या, निवांत पळवा आणि शेजारी ज्ञात वाहकाचा नमुना व पाण्याचा ब्लँक ठेवा. सिन्नरच्या भावाच्या लेनमध्ये ५५९ चा एकच पट्टा आला. बहिणीच्या लेनमध्ये दोन.

मुलग्यात एखादा एक्झॉन पीसीआरमध्ये वाढतच नसेल तर लगेच ‘डिलीशन’ (तुकडाच गळालेला) लिहू नका. शेजारचे एक्झॉन त्याच डीएनएवर वाढतात का बघा, प्रायमर (पीसीआरची सुरुवात करून देणारे छोटे डीएनए तुकडे) बदलून पुन्हा लावा. बाईत याच्या उलट: चांगली प्रत वाढते, डिलीशन झाकलं जातं. तिथे एमएलपीए (प्रत्येक एक्झॉनच्या प्रती मोजणारी तपासणी) लागतं.

घरात मुलींनाही मुलांइतकाच रक्तस्राव होत असेल आणि फॅक्टर आठ थोडंच कमी असेल, तर व्हॉन विलेब्रांड टाइप २एन हा हिमोफिलियासारखा दिसणारा दुसरा आजार आठवा. ते दुसऱ्याच जनुकाचं दुखणं. एफ-८ कितीही उलथंपालथं करा, सापडणार नाही.

नाशिकहून मुंबईला सँपल पाठवताना होणारा घोळ वेगळाच. डीएनएसाठी जांभळ्या टोपणाची ईडीटीए ट्यूब. हेपरिनची हिरवी नको, हेपरिन पीसीआर दाबतं. फॅक्टरसाठी सायट्रेटची निळी, आणि ती बर्फात घालून पाठवू नका. अख्खं रक्त गार ठेवलं की फॅक्टर आठ खोटं कमी येतं. कसारा घाटात ट्रॅफिक अडकलं तर चार तास तिथेच जातात. त्यापेक्षा इथेच सेंट्रिफ्यूजमध्ये दोनदा फिरवून प्लाझ्मा (रक्तातला पेशी नसलेला द्रव) वेगळा काढा, गोठवा आणि ड्राय आइसमध्ये पाठवा. ईडीटीएचं रक्त मात्र गोठवू नका.

शेवटचं, आकड्यांचं. जुन्या रिपोर्टात ‘आर्जिनिन ५९३ सिस्टीन’ (प्रथिनात ५९३ व्या जागी आर्जिनिनऐवजी सिस्टीन) आणि नव्यात ‘आर्जिनिन ६१२ सिस्टीन’ दिसलं तर ही दोन म्युटेशनं नाहीत. जुन्या मोजणीत प्रथिनाची सुरुवातीची १९ अमिनो आम्लं धरत नसत, एवढाच फरक. भावाच्या रिपोर्टची झेरॉक्स बहिणीच्या फॉर्मला स्टेपल करा, लॅबवाल्याचा अर्धा दिवस वाचतो.