शर्यतीत गमावलेल्या घोड्याचा शोक: मालक, मोतद्दार आणि चाहत्यांसाठी

धावता धावता घोड्याचा पाय मोडतो, मैदानात पडदे उभे केले जातात, पशुवैद्यक आत जातात आणि बहुतेक वेळा पुढची शर्यत ठरल्याप्रमाणे होते. या मृत्यूला आजारपणाची पूर्वसूचना नसते, तो हजारो लोकांसमोर घडतो, आणि ज्यांनी त्या घोड्याला धावायला पाठवले तेच त्याचे सर्वांत जवळचे असतात. त्यामुळे या शोकात दुःखाबरोबर जबाबदारीची टोचणीही असते. ती टोचणी टाळल्याने शोक हलका होत नाही, असे माझे मत आहे; मात्र रडणे आणि चौकशी ही दोन्ही कामे एकाच दिवशी करू नयेत.

पहिल्या रात्री बहुतेकांना एकच प्रश्न छळतो: त्याला वाचवता आले नसते का? याचे उत्तर घोड्याच्या शरीररचनेत आहे आणि ते नीट समजून घेणे हीच शोकाची पहिली पायरी मानावी. सुमारे साडेचारशे ते पाचशे किलो वजनाच्या या प्राण्याच्या पायात गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतात, हाडांवर कंडरा आणि कातडी एवढेच आवरण असते. म्हणून हाडाचे अनेक तुकडे झाले की तुटलेली टोके कातडी फाडतात, रक्तपुरवठा तुटतो आणि जखम दूषित होते. घोड्याला आठवडेच्या आठवडे निजवून ठेवता येत नाही. आणि त्याने तीन पायांवर भार घेतला, तर धडधाकट पायाच्या खुरातील नाजूक ऊती सुजून आतले हाड खुरापासून सुटू लागते. या विकाराला लॅमिनायटिस म्हणतात आणि मूळ अस्थिभंगातून वाचलेले घोडे अनेकदा त्यानेच जातात.

अमेरिकेतील दोन घोड्यांची हकीकत या बाबतीत मन शांत करायला खरोखर उपयोगी पडते. दहाच्या दहा शर्यती जिंकलेली रफियन ही घोडी 6 जुलै 1975 रोजी न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर फूलिश प्लेझर या घोड्याशी दोघांतल्या शर्यतीत धावत असताना तिच्या उजव्या पुढच्या पायाची घोट्यामागची हाडे फुटली. जॉकी हासिंतो वास्केझ तिला थांबवू पाहत होता, तरीही ती काही अंतर धावतच राहिली. शस्त्रक्रिया झाली, पण भुलीतून बाहेर येताना तिने आडव्या अवस्थेतच धावल्यासारखे पाय झाडले आणि प्लास्टर तोडून टाकले. शेवटी 7 जुलैच्या पहाटे तिला दयामरण द्यावे लागले. एकतीस वर्षांनी, 20 मे 2006 रोजी, केंटकी डर्बी ही अमेरिकेतील मानाची शर्यत जिंकून दोनच आठवडे झालेल्या बार्बारो या घोड्याचा उजवा मागचा पाय प्रीकनेस शर्यतीत मोडला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुरुग्णालयात डॉ. डीन रिचर्डसन यांनी त्याचे हाड पट्टी आणि स्क्रूंनी जोडले, आणि जागे होताना त्याने पाय झाडून पुन्हा मोडून घेऊ नये म्हणून त्याला पाण्याच्या हौदात तराफ्यावर ठेवून शुद्धीवर आणले. पैसा, कौशल्य आणि माया यांपैकी कशाचीही कमतरता नव्हती. मोडलेले हाड पुष्कळसे जुळूनही आले होते, पण लॅमिनायटिसने गाठल्यामुळे 29 जानेवारी 2007 रोजी त्यालाही निरोप द्यावा लागला. पडद्याआड काही मिनिटांत घेतलेला निर्णय घाईचा होता असे वाटत राहिले, तर बार्बारोचे ते आठ महिने आठवावेत.

आता प्रत्यक्ष त्या दिवसाविषयी. पशुवैद्यक सांगत नाहीत तोवर घोड्याजवळ जाऊ नये, कारण वेदनेने आणि भीतीने बावरलेला घोडा ओळखीच्या माणसालाही इजा करू शकतो. दयामरणानंतर मात्र जवळ जाण्याची परवानगी आवर्जून मागावी. शव एकदा वाहनात गेले की पुढची वेळ मिळत नाही, म्हणून आयाळीची किंवा शेपटीची बट, नाल आणि मोहरकी काढून ठेवण्यास तिथेच सांगावे. त्या क्षणी हे विचित्र वाटते, पण नंतर पश्चात्ताप होतो तो बहुधा मागितले नाही याचाच. विमा असल्यास कंपनीला त्याच दिवशी कळवावे, आणि नोंदणीपुस्तकातील मृत्यूची नोंद, पासपोर्ट व मायक्रोचिप यांचे काम दुःखात थेट नसलेल्या एखाद्या माणसाकडे सोपवावे. घोडा अनेकांच्या भागीदारीत असेल, तर प्रत्येक भागीदाराला फोन करून सांगावे. गटात एका ओळीचा संदेश टाकून मोकळे होऊ नये.

शवविच्छेदनाला नकार देऊ नये. शर्यतीत मोडलेल्या हाडांत अनेकदा आधीपासूनच सूक्ष्म भेगा किंवा झीज असल्याचे तपासणीत आढळते, आणि हे कळणे मालकाला व ट्रेनरला बोचणारे असले तरी त्याच तबेल्यातील इतर घोड्यांसाठी ते मोलाचे असते. अहवाल मात्र आल्या आल्या एकट्याने वाचू नये. काही दिवस जाऊ द्यावेत आणि पशुवैद्यकांसमोर बसून समजून घ्यावा.

अंत्यविधीबाबत हळवेपणाइतकीच दक्षता हवी. पाश्चात्त्य देशांत घोड्याचे डोके, हृदय आणि खूर एवढेच पुरण्याची जुनी पद्धत आहे, आणि अख्खा घोडा पुरणे हा मोठा मान समजला जातो. रफियनला बेलमाँटच्या मैदानातच, नाक विजयरेषेकडे करून पुरले होते. मैदानाच्या पुनर्बांधणीमुळे 2023 मध्ये तिचे अवशेष केंटकीतील तिच्या जन्मस्थानी, क्लेबोर्न फार्मवर, हलवण्यात आले. बार्बारोची रक्षा चर्चिल डाउन्स या केंटकी डर्बीच्या मैदानाच्या प्रवेशद्वाराबाहेर त्याच्या ब्राँझच्या पुतळ्याखाली आहे, त्यामुळे तिकीट न काढताही कोणालाही तिथे जाता येते. मुंबईसारख्या शहरात जागेचा आणि पालिकेच्या नियमांचा प्रश्न असतो, तेव्हा शर्यती भरवणाऱ्या क्लबच्या पशुवैद्यकीय विभागाला विचारूनच ठरवावे. दयामरणासाठी बार्बिट्युरेट वर्गाचे औषध दिले असेल, तर ते शवात टिकून राहते आणि असे शव उघड्यावर टाकल्यास गिधाडे व कुत्री मरू शकतात. खोल दफन किंवा दहन हेच दोन मार्ग योग्य आहेत.

या सगळ्यात हमखास विसरला जातो तो मोतद्दार, म्हणजे तबेल्याच्या भाषेत सईस. मालक सकाळच्या सरावाला कधीतरी येतो आणि ट्रेनरच्या हाताखाली अनेक घोडे असतात. पण पहाटे चंदी घालणारा, खरारा करणारा, पायावरून रोज हात फिरवून ऊब आणि सूज तपासणारा माणूस एकच असतो. पुण्याच्या पावसाळी हंगामातून मुंबईच्या हिवाळी हंगामाकडे घोडे जातात तेव्हा तोही त्यांच्याबरोबर जातो आणि बहुतेक वेळा कुटुंबापासून दूर, तबेल्यालगतच राहतो. शर्यतीनंतर मैदानातून रिकामी मोहरकी हातात घेऊन परतावे लागते ते त्यालाच. म्हणून मालकाने सांत्वनाचे फोन घेण्याआधी त्याला जाऊन भेटावे, त्याचे नाव घेऊन बोलावे, आणि त्या घोड्यावर त्याची जी बक्षिसी किंवा कमाई अवलंबून होती ती त्या हंगामापुरती तरी बुडू देऊ नये. त्याला दोन दिवस सुटी हवी की काम हवे, हे त्यालाच विचारावे; काहींना रिकामे ठाण पाहवत नाही, तर काहींना दुसऱ्या घोड्याच्या पाठीवर हात ठेवल्याशिवाय झोप लागत नाही. नाल किंवा आयाळीची बट वाटायची असेल, तर पहिला वाटा त्याचा असावा.

जॉकीही पडला असेल तर त्याच्या प्रकृतीची चौकशी आधी करावी आणि 'तू आधी का थांबवले नाहीस' हा प्रश्न त्याला कधीही विचारू नये. भरधाव घोडा एका क्षणात थांबत नाही. शेजारच्या ठाणातील घोडा खिंकाळत राहिला किंवा चंदी सोडू लागला, तर त्याचे वेळापत्रक न बदलता त्याला सोबत द्यावी.

'घोडाच तर होता', 'कितीला घेतला होता?', 'विमा होता ना?' असे बोलणारे लोक भेटतातच. त्यांना समजावत बसण्यात शक्ती घालवू नये. किंमत विचारणाऱ्याला त्याचे नाव आणि स्वभाव सांगावा, एवढे पुरते. अपघाताची चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहू नये आणि मुलांना तर मुळीच दाखवू नये. मुलांना 'तो गावाला गेला' असेही सांगू नये. पाय मोडला, बरा होण्यासारखा नव्हता, फार दुखत होते म्हणून डॉक्टरांनी त्याला वेदनारहित मरण दिले, हे सहा वर्षांच्या मुलालाही कळते. पैज लावणाऱ्या किंवा केवळ कठड्याशी उभे राहून घोड्यावर जीव लावणाऱ्या चाहत्याचे दुःखही खोटे नसते. त्याने फुले किंवा पत्र तबेल्याच्या पत्त्यावर पाठवावे, पण अहवालाआधी कोणाला दोषी ठरवू नये.

यानंतर येते चौकशीचे काम, आणि ते शोकाचाच भाग आहे. शर्यतींवर टीका करणारे या वेळी मोठ्याने बोलतात. त्यांच्याशी भांडण्यापेक्षा धावपट्टीची स्थिती, शर्यतींमधली विश्रांती, वेदनाशामकांचा वापर आणि शर्यतीपूर्वीची तपासणी यांविषयी क्लबला लेखी प्रश्न विचारावेत. केंटकी डर्बीत दुसरी आलेली एट बेल्स ही घोडी 3 मे 2008 रोजी विजयरेषा ओलांडल्यानंतर दोन्ही पुढचे घोटे मोडून मैदानातच गेली, तेव्हा लोकांच्या संतापामुळे अमेरिकेच्या जॉकी क्लबने त्याच महिन्यात सुरक्षा समिती नेमली. त्याच वर्षी सुरू झालेल्या अपघात नोंदणीनुसार 2009 मध्ये घोडे शर्यतीत उतरण्याच्या दर 1000 वेळांमागे 2.00 मृत्यू होत होते, ते प्रमाण 2022 मध्ये 1.25 वर आले. स्मरणार्थ काही द्यायचे असेल, तर चांदीच्या चषकाऐवजी संशोधनाला किंवा निवृत्त घोड्यांच्या संगोपनाला द्यावे. बार्बारोच्या नावाने उभ्या राहिलेल्या निधीतून लॅमिनायटिसवर संशोधन झाले.

रिकाम्या ठाणात नवा घोडा कधी आणायचा, याची घाई ट्रेनरला असते, कारण जागेला भाडे आणि माणसाला काम लागते. तरी ठाण धुऊन, जुनी नावाची पाटी काढून मालकाकडे देईपर्यंत तिथे दुसरा घोडा बांधू नये, आणि तो त्याच मोतद्दाराकडे द्यायचा असेल तर आधी त्याचा होकार घ्यावा.