पीसीएलच्या जाळीवर कूर्चा वाढवायची कशी (लॅबमध्ये नवीन असाल तर)

थ्रीडी प्रिंटर आला की सगळे आधी स्कॅफोल्ड (पीसीएल या प्लास्टिकची, पेशींना आधार देणारी जाळी) काढायला बसतात, जाळी झकास निघते, फोटो ग्रुपवर जातो आणि मग पेशींची आठवण होते. उलटं करा. आधी पेशी हातात येऊ द्या.

कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत, पेशीही मोजक्याच, त्यामुळे गुडघ्यातल्या कूर्चेला खड्डा पडला की तो आपोआप नीट भरून येत नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

पेशींसाठी खाटकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, बकऱ्याचा गुडघा अख्खा हवा, सांधा न फोडता, नाहीतर तो सवयीने मधोमध सुरा घालतो आणि मग कंटॅमिनेशनला आमंत्रणच. हूडमध्ये (गाळलेल्या निर्जंतुक हवेच्या कपाटात) सांधा उघडला की हाडाच्या टोकावर निळसर पांढरा, चकचकीत थर दिसेल, बोटाला बुळबुळीत लागतो. स्कॅल्पेलने त्याच्या पातळ चकत्या काढायच्या, खाली गुलाबी दिसायला लागलं की थांबा, ते हाड आहे. बारीक चिरून टाईप टू कोलॅजिनेजमध्ये (कोलॅजेन तोडून पेशी मोकळ्या करणारं एन्झाइम) 37 डिग्रीला रात्रभर हलवत ठेवा, सकाळी 70 मायक्रॉनच्या स्ट्रेनरमधून गाळा.

आता खरी मेख. या पेशी फ्लास्कमध्ये चिकटून वाढल्या की गोल आकार सोडून लांबट होतात आणि टाईप टू कोलॅजेन (कूर्चेचं खास प्रथिन) सोडून टाईप वन बनवायला लागतात, म्हणजे नावाला कूर्चेच्या पेशी. दोन पॅसेजच्या (फ्लास्क भरला की पेशी सोडवून नव्या फ्लास्कमध्ये टाकणं) पुढे जायचा लोभ नको.

जाळीचं त्यामानाने सोपं. पीसीएल 60 डिग्रीला वितळतं, पण फार घट्ट असतं म्हणून नोझल 90-100 वर ठेवा, धागा 300 मायक्रॉनचा, मधली फट साधारण तेवढीच, प्रत्येक थर 90 अंशात वळवा. ऑटोक्लेव्हमध्ये चुकूनही टाकू नका, गोळा होऊन बाहेर येईल. पीसीएलवर पाणी थेंबासारखं उभं राहतं, म्हणून आधी 1 मोलर सोडियम हायड्रॉक्साईडमध्ये ठेवून पीएच न्यूट्रल होईपर्यंत धुवा, मग 70 टक्के इथेनॉल आणि यूव्ही.

पेशी नुसत्या ओतल्या तर जाळीतून खाली निघून जातात. त्या 2 टक्के अल्जिनेटमध्ये (समुद्री शेवाळातला, कॅल्शियम लागलं की जेल होणारा पदार्थ) मिसळा (एका मिलीलिटरला 1 ते 2 कोटी), जाळीत भरा, 100 मिलिमोलर कॅल्शियम क्लोराईडमध्ये दहा मिनिटं. नंतर धुवायला पीबीएस (फॉस्फेटचं खारं द्रावण) नको हां, त्यातलं फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं आणि जेल सैल पडतं, सलाईन वापरा.

मीडियम (पेशींना पोसणारं द्रावण) म्हणजे हाय ग्लुकोज डीएमईएम (तयार मिळणारं मूळ द्रावण), आयटीएस (इन्सुलिन, ट्रान्सफेरिन, सेलेनियम), डेक्सामेथासोन, अ‍ॅस्कॉर्बेट-टू-फॉस्फेट आणि टीजीएफ-बीटा-थ्री (पेशींना कूर्चा बनवायला लावणारं प्रथिन) 10 नॅनोग्रॅम प्रति मिली. हे शेवटचं महाग असतं, छोटे भाग करून फ्रीझ करा. दर दोन-तीन दिवसांनी बदला, 21 ते 28 दिवस.

तपासताना अल्शियन ब्लूने (कूर्चेतले साखरेचे घटक निळे करणारा रंग) निळं दिसलं म्हणून नाचू नका, अल्जिनेट स्वतःच निळं होतं, त्यामुळे अल्जिनेट भरलेली पण बिनपेशीची जाळी पहिल्या दिवसापासून सोबत ठेवा. टाईप टू कोलॅजेनची अँटिबॉडी लावाच, टाईप टेनही बघा, तो जास्त दिसला तर पेशी हाडाच्या वाटेला लागल्यात. आणि सेक्शन क्रायोस्टॅटवर (गोठवून पातळ काप काढणारं यंत्र) काढा, पॅराफिनच्या (मेणात बसवून कापायच्या) नादी लागलात तर झायलीनमध्ये पीसीएल विरघळतं आणि स्लाईडवर धाग्यांच्या जागी नुसती भोकं दिसतात.