केल्टिक धुना बँडवर वाजवताना या चुका टाळा

जानेवारी संपता संपता आमच्या कम्युनिटी बँडमध्ये आयरिश आणि स्कॉटिश तुकड्यांचे पार्ट वाटले जातात, कारण १७ मार्चच्या आसपास सेंट पॅट्रिक डेचा कार्यक्रम ठरलेला असतो. मी इथे अमेरिकेत १९ वर्षं क्लॅरिनेट वाजवते आहे आणि गेली ८ वर्षं वुडविंडवाल्यांच्या, म्हणजे क्लॅरिनेट-ओबोसारखी वाद्यं वाजवणाऱ्यांच्या, वेगळ्या तालमी घेते. माणसं बदलतात, चुका त्याच राहतात. बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे: या धुनांवर माणसं नाचत आली आहेत हे विसरून लोक नुसता कागद वाजवतात.

सगळ्यात जास्त जीव खाते ती जिग, म्हणजे आयरिश नाचाची उडती धून. पानावर ६/८, म्हणजे तिना-तिनाच्या दोन गटांत सहा सूर, दिसलं की नवा वादक दोनपैकी एक काहीतरी करतो. एक तर सहाही सुरांना जिभेचा सारखाच फटका देतो, मग धून शिलाई मशीनसारखी टकटकत राहते. नाहीतर तिनातला पहिला सूर ताणतो, दुसरा चिमटीत धरतो, आणि टांग्याच्या घोड्याची दुडकी चाल सुरू होते. खरी जिग या दोन्हींच्या मधे असते. पहिला सूर किंचित रेंगाळतो, दुसरा हलका पडतो, तिसरा पुढच्या ठोक्याकडे नेतो. हे ‘किंचित’ कागदावर लिहिता येत नाही, ऐकूनच अंगात येतं. ज्यांनी दादरा ऐकला आहे त्यांना ते लवकर समजतं, कारण चांगल्या तबलजीच्या हातातही सहा मात्रा मोजून मापून पडत नाहीत, त्या झुलतात. मात्र पाय सहादा हलवू नका. पाय दोनदाच पडतो.

वेगाचं तर विचारूच नका. एका वर्षी आम्ही गावातल्या आयरिश नृत्याच्या क्लासमधल्या चार मुलींना कार्यक्रमात नाचायला बोलावलं. पानावर नुसतं ‘जिग’ लिहिलेलं होतं. आम्ही मेट्रोनोम ११६ वर, म्हणजे मिनिटाला ११६ ठोक्यांवर, ठेवून सहा आठवडे घासलं. बोटं पळायला लागली, सगळे खूश. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मुली आल्या आणि त्यांनी पिशवीतून बूट काढले. टाचेला आणि चवड्याला कडक ठोकळे बसवलेले ते जड बूट! त्यांच्या बाई म्हणाल्या, “आमची ट्रेबल जिग आहे. आम्हाला ७३ हवंय.” त्या नाचात बुटांचा आवाज हाच ताल असतो. एकेका ठोक्यात पाय इतक्या वेळा वाजतात की धून सावकाशच लागते. आम्ही ७३ वर वाजवायला घेतलं आणि चौथ्या मापातच (बारमध्येच) फाटलो. वेगात लपलेलं सगळं उघडं पडलं: जीभ जड, तिसरा सूर गळालेला, ट्रम्पेट पुढे पळतायत, ट्यूबा मागे राहतोय. दुसऱ्या वेळी मुली मधेच थांबल्या. त्यातली सगळ्यात लहान मुलगी, दहा-अकरा वर्षांची असेल, एक पाय हवेत धरून आमच्याकडे बघत उभी राहिली. तिचा पुढचा ठोका आमच्याकडून यायचा होता आणि तो आलाच नाही. त्या रात्री आम्ही साडेअकरापर्यंत बसून तो तुकडा पुन्हा बांधला.

तेव्हापासून माझी सवय अशी: जिग हातात आली की पहिल्या तालमीत वाद्यं खाली ठेवायची. सगळे उभे राहतात, दोन ठोक्यांवर जागच्या जागी चालतात आणि तोंडाने धून म्हणतात. मग ७० वर वाजवायचं. ७० वर जी जिग नाचरी वाटत नाही, ती ११६ वरही नाचरी होत नाही, फक्त लवकर संपते. पहिल्याच दिवशी रेकॉर्डिंगच्या वेगाला लागणाऱ्यांना मी स्पष्टच सांगते की त्यांचा मार्चमधला सूर आत्ताच बिघडतो आहे.

स्ट्रॅथस्पेमध्ये याच्या उलट दुखणं. या स्कॉटिश नाचात छोटा सूर ठोक्यावर येतो आणि मोठा त्याच्या मागून, त्याला स्कॉच स्नॅप म्हणतात. माल्कम अर्नोल्ड यांच्या १९५७ च्या ‘फोर स्कॉटिश डान्सेस’मधला पहिला नाच याच चालीचा आहे, आणि जॉन पेंटर यांनी केलेली त्याची बँडसाठीची मांडणी पुष्कळ बँड वाजवतात. वादक थकले की स्नॅप मऊ होत होत तिनाच्या हेलकाव्यात बदलतो आणि नाचाचा कणाच जातो. मला यावर मराठीने उपाय दिला. ‘चला’ म्हणून बघा: च ऱ्हस्व, ला दीर्घ. ‘च’वर जोर द्या, झाला स्नॅप. आता आमचा अख्खा क्लॅरिनेट विभाग वाजवण्याआधी “चला, चला, चला” म्हणतो. त्यातल्या एकालाही मराठी येत नाही, पण स्नॅप बरोबर पडतो.

ग्रेस नोट, म्हणजे मुख्य सुराआधी छापलेला तो बारीक सूर, ही नक्षी नव्हे. हायलंड बॅगपाइपच्या पिशवीतली हवा अखंड वाहते आणि वादकाची जीभ सुराच्या नळीपर्यंत पोचतच नाही. एकच सूर दोनदा वाजवायचा तर मधे बोटाची टिचकी मारूनच तो तोडावा लागतो. म्हणून त्या बारीक सुराला जीभ लावू नका आणि कणस्वरासारखा लाडाने लावू नका. ठोक्यावरच बोट उचला आणि लगेच ठेवा. सूर ऐकू आला तर तो लांब झाला.

आता पाइपरबद्दल. माझं लहानपण बेळगावात गेलं. मराठा लाइट इन्फंट्रीचा पाइप बँड लांबून ऐकू आला की आम्ही पोरं गच्चीवर धावायचो. त्यामुळे आमच्या कार्यक्रमात पाइपर यावा हा हट्ट माझाच होता. पाइपर आला, उत्तम वाजवणारा होता. फोनवर त्याने सांगितलं होतं की त्याचा पाइप बी फ्लॅटमध्ये आहे, म्हणजे आपली काळी पाच. अरेंजमेंटही बी फ्लॅटमध्ये होती. एकत्र तालीम ठेवली ती थेट कार्यक्रमाच्या दुपारी. त्याने पहिला सूर लावला, खालून आमचा बी फ्लॅट आला, आणि पुढच्या रांगेतल्या ओबोवाल्या बाईंनी वाद्य मांडीवर ठेवून दिलं.

ट्यूनर लावल्यावर उलगडा झाला. ए ४४० हर्ट्झला धरला तर बी फ्लॅट ४६६ हर्ट्झला येतो. पाइपर ज्याला ए म्हणतात तो त्यांचा षड्ज मात्र आजकाल ४८० च्या घरात असतो, म्हणजे काळी पाच आणि पांढरी सातच्या जवळजवळ मधोमध. नळीच्या भोकांवर टेप लावून आणि रीड थोडं बाहेर ओढून त्याने सूर थोडा उतरवला, पण सगळा फरक तसा भरून निघत नाही. आणि बँड एवढा चढवता येत नाही, कारण आमची वाद्यं जोड बाहेर ओढून उतरतात, चढायला तितकी जागाच नसते. तासाभराने आम्ही तुकडाच बदलला: पाइपर मागच्या दारातून एकटा वाजवत येईल, रंगमंचाशी थांबेल, पूर्ण शांतता होईल, आणि मगच बँड सुरू होईल. कार्यक्रम निभावला. पण दोघांनी मिळून वाजवायचं जे कडवं होतं, ज्यासाठी मी त्याला बोलावलं होतं, ते राहिलंच.

आता मी आमंत्रण देतानाच विचारते, “४६६ चा चँटर आहे का?” चँटर म्हणजे पाइपची सुराची नळी. बँडबरोबर वाजवण्यासाठी तसे चँटर मिळतात. वर त्याच्या खालच्या ए सुराचं रेकॉर्डिंग मागवते, आणि तेही पाइप पंधरा मिनिटं वाजवून गरम झाल्यावरचं, कारण गरम झाला की सूर चढतो. हे विचारायला संकोचू नका, चांगल्या पाइपरला त्याचा आनंदच होतो. त्याला बँडच्या शेजारी उभं करू नका. पाइपचा आवाज लहान-मोठा करता येत नाही, अंतरानेच तो सौम्य होतो. सभागृहाची मागची बाजू किंवा गॅलरी बरी.

‘छपाईची चूक’ दुरुस्त करणारेही भेटतात. आमच्या बँडमधला एक मराठी मुलगा, हुशार, पेन्सिल घेऊन माझ्याकडे आला. “मावशी, इथे सातवा सूर चुकून कोमल छापलाय, मी सगळीकडे शुद्ध करून टाकला.” तीन पानं केली होती त्याने. त्याला शेजारी बसवून मी खमाज थाट म्हणून दाखवला: बाकी सगळे शुद्ध, नी कोमल. पाइपची सप्तकाची ठेवण तशीच असते, आणि पुष्कळ आयरिश रील (जलद नाचाच्या धुना) काफी थाटासारख्या गंधार-निषाद कोमल ठेवून चालतात. तो कोमल नी काढला तर धून तिथल्या मातीची राहत नाही. पेन्सिलच्या खुणा आम्ही दोघांनी मिळून खोडल्या.

ट्यूबा आणि बॅरिटोन सॅक्सोफोनला लांबलचक षड्ज-पंचम दिलेला असतो, तो दर मापाला नव्याने फुंकू नका. तंबोरा कधी तुटक वाजतो का? श्वास आळीपाळीने घ्या आणि परत येताना सुरात हळूच शिरा, धक्का न देता.

संथ धुनांमध्ये श्वासाचीच गडबड होते. पर्सी ग्रेंजर यांची ‘आयरिश ट्यून फ्रॉम काउंटी डेरी’, बँडसाठीची १९१८ ची, आम्ही दर दोन-तीन वर्षांनी काढतो. लिमावडीच्या जेन रॉस यांनी टिपून घेतलेली ही धून १८५५ मध्ये जॉर्ज पेट्री यांच्या संग्रहात छापली गेली. ती तीन सुरांच्या उठावाने सुरू होऊन ठोक्यावर येते, आणि नेमकं तिथेच, मापाच्या रेघेशी, अर्धा बँड श्वास घेतो. मुखडा घेऊन समेवर येताना कोणी दम टाकतं का? रेघ बघून श्वास घ्यायची सवय मोडायला मी पार्टवरच पेन्सिलने ओळी आखून देते. सुरुवातीला धून मधल्या-खालच्या वाद्यांकडे असते, तेव्हा वरच्यांनी इतकं हळू वाजवावं की युफोनियम (छोट्या ट्यूबासारखं पितळी वाद्य) सहज ऐकू येईल.

बाकी थोडक्यात. निवेदकाला उच्चार आधी सांगा: ‘केल्टिक’ म्हणायचं, ‘सेल्टिक’ हा ग्लासगोचा फुटबॉल क्लब आहे. हॉर्नपाइप हाही नाचाच्या धुनेचाच प्रकार, पण ती आणि रील एकाच चालीने वाजवू नका, हॉर्नपाइप डुलत चालते. बौरान, म्हणजे हातात धरायचा आयरिश डफ, टिंपनीच्या (मोठ्या नगाऱ्यांच्या) मॅलेटने बडवू नका. त्याची छोटी दुटोकी काठी असते, आणि दुसरा हात चामड्याच्या आतून फिरवत सूर वर-खाली करायचा असतो. चामडं बहुधा बकऱ्याचं, दमट हवेत उतरतं. आपल्याकडे हलगी शेकतात तसं यालाही तासभर आधी हवेचा अंदाज घेऊन तयार करावं लागतं.

आणि टिन व्हिसल, म्हणजे सहा भोकांची छोटी पत्र्याची बासरी, विकत घेण्याआधी अरेंजमेंटची पट्टी बघा. दुकानात सहज मिळते ती डी ची, म्हणजे पांढरी दोनची. बँडचे तुकडे बहुतेक काळी दोन नाहीतर काळी पाचमध्ये बांधलेले असतात. डी च्या व्हिसलवर ते वाजवायला गेलं तर अर्धी भोकं झाकता झाकता बोटं थकतात आणि सूर कच्चे लागतात. ई फ्लॅट आणि बी फ्लॅटच्या व्हिसलही मिळतात. जानेवारीतच मागवा, म्हणजे निदान सहा आठवडे हातात राहील.