साफसफाईचे काम एजन्सीला देताना या चुका टाळा

मराठवाड्यातील रुग्णालयांत, महाविद्यालयांत आणि वाळूज, शेंद्र्याच्या कारखान्यांत पूर्वी आस्थापनेच्या पगारपत्रकावरील माणसे करीत असलेले साफसफाईचे काम आता बव्हंशी एजन्सीकडे गेले आहे. काम दिले म्हणजे जबाबदारीही गेली, हा व्यवस्थापनाचा समज मात्र चुकीचा आहे. ठेकेदाराने वेतन थकवले, तर ते चुकते करण्याचे दायित्व कायद्याने मूळ मालकावर, म्हणजे काम देणाऱ्या आस्थापनेवर, येते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे केवळ कमी दर पाहून वर्क ऑर्डर देणे. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा १२ टक्के आणि ईएसआयसीतील (कर्मचारी राज्य विम्यातील) ३.२५ टक्के हिस्सा यांच्या बेरजेपेक्षाही दर कमी असेल, तर ती तूट शेवटी कामगाराच्या पगारातूनच भरून काढली जाते. म्हणून दरमहा बिल मंजूर करण्यापूर्वी दोन्ही भरण्यांची चलने नावनिहाय यादीसह मागवावीत आणि ती हजेरीपटाशी ताडून पाहावीत. ठेकेदार बदलला तरी कामगार बहुधा तेच राहतात. अशा वेळी नवा यूएएन (भविष्य निर्वाह निधीचा कायमस्वरूपी क्रमांक) काढू न देता जुनाच पुढे चालू ठेवावा, नाहीतर त्यांची जमा रक्कम अनेक खात्यांत विखुरते.

उन्हाळ्याचा प्रश्न आपल्याकडे वेगळा आहे. पाणी टँकरचे असते, बादल्या मोजून मिळतात, आणि कमी पाण्यात डाग निघावेत म्हणून औषध जास्त ओतले जाते. पाण्याच्या जुन्या बाटलीत भरलेले, चिठ्ठी नसलेले ॲसिड आणि ब्लीचिंगचे द्रावण एकाच शौचकूपात पडले, की क्लोरीन वायू तयार होतो. दोन्ही रसायने वेगवेगळ्या कपाटांत, मूळ डब्यांतच ठेवावीत. डोळे चुरचुरू लागताच कामगाराने बाहेर पडावे, मुकादमाने त्याला अडवू नये. पाणी कमी असेल तेव्हा रसायन वाढवण्याऐवजी धुण्याची वारंवारता ठरवून कमी करणे, हाच योग्य उपाय आहे.

हातमोजे, गमबूट यांचा खर्च कोणाचा, हे करारातच लिहावे.

सेप्टिक टँकच्या बाबतीत मात्र कसलीही सवलत नको. संरक्षक साधनांविना माणसाला टाकीत उतरवण्यास हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपयांची भरपाई ठरवून दिली. हाउसकीपिंगचा कामगार कोणत्याही कारणाने टाकीत उतरणार नाही, असे कलम करारात घालावे आणि उपसा यंत्राच्या गाडीनेच करवून घ्यावा.