क्लचखालचा सेफ्टी स्विच बदलला

ट्रॅक्टरची चावी फिरवली की लाइट लागायचे, हॉर्न वाजायचा, पण स्टार्टर हूं की चूं करत नव्हता. बॅटरी ठणठणीत. मग शंका क्लचच्या सेफ्टी स्विचवर. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय स्टार्टरला करंट जाऊ न देणं, हे त्याचं काम.

तो असतो पेडलच्या मुळाशी, फूटबोर्डखाली. हात पोचतो, पण पाना फिरवायला जागा नाही. चाकांना दगड लावले, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली आणि सरळ फूटबोर्डच काढला. स्विचला मल्टीमीटर लावून पेडल दाबलं, तरी बीप नाही, म्हणजे आत जोडणी होतच नव्हती. स्विच गेलेलाच होता. जुन्याचे किती आटे नटाबाहेर आहेत ते मोजूनच नवा बसवला, कारण सेटिंग त्यावरच असतं.

आमच्याकडे बरेच जण दोन वायरी जोडून तो डायरेक्ट करतात. कृपा करून करू नका! गिअरमध्ये राहिलेला ट्रॅक्टर चावीसरशी पुढे उसळतो, आणि अंगणात पोरं खेळत असतात.

गिअर न्यूट्रल ठेवून तपासलं: क्लच न दाबता गप्प, दाबल्यावर पहिल्याच चावीला चालू.