पीएचपीच्या क्लासमध्ये प्रॉपर्टी कशा जाहीर कराव्यात आणि त्यांना लगाम कसा घालावा

पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत क्लास म्हणजे एखाद्या वस्तूचा साचा, त्यातून तयार होणारी एकेक प्रत म्हणजे ऑब्जेक्ट आणि तिची माहिती ठेवण्याच्या जागा म्हणजे प्रॉपर्टी. सोसायटीच्या मेंटेनन्स बिलाचा एक साधा क्लास घ्या. त्यात ‘थकबाकी’ नावाची प्रॉपर्टी आहे आणि रहिवाशाने पैसे भरले की ती शून्य करायची आहे. घाईत कोणीतरी लिहिले, `$बिल->थकबाकि = 0;`. शेवटची वेलांटी चुकून ऱ्हस्व पडली. पीएचपी ८.१ किंवा त्याआधीचे व्हर्जन असेल तर कुठेही हूं की चूं होत नाही. ‘थकबाकि’ नावाची नवी प्रॉपर्टी त्या ऑब्जेक्टला जोडली जाते, शून्य तिच्यात जाऊन बसते आणि खरी थकबाकी होती तशीच राहते. पैसे भरलेल्या माणसाला पुढच्या महिन्यात दंडासकट बिल येते, आणि चूक शोधणारा भलत्याच फाइलमध्ये डोके खुपसून बसतो. चूक जिथे झाली, त्याच ओळीवर कोड थांबला पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पीएचपीत व्हेरिएबल आणि प्रॉपर्टीची नावे देवनागरीत चालतात, म्हणून इथे ती तशीच ठेवली आहेत. भाषेचे स्वतःचे शब्द आणि फंक्शनची नावे वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीतच टाइप करा.

पहिली पायरी: व्हर्जन आणि इशारे तपासा

टर्मिनलवर ‘पीएचपी -व्ही’ देऊन व्हर्जन पाहा. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ८.२ पासून, जाहीर न केलेल्या प्रॉपर्टीत काही लिहिले की ‘डेप्रिकेटेड’ (पुढे बंद होणार) असा इशारा मिळतो. मात्र पीएचपीसोबत येणारी प्रॉडक्शनची (प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरसाठीची) तयार आयएनआय फाइल, म्हणजे सेटिंग्जची फाइल, नेमके हेच इशारे दडवते. त्यामुळे स्वतःच्या मशीनवर एरर रिपोर्टिंग ‘ई_ऑल’ (सगळे इशारे दाखवा) ठेवा आणि सर्व्हरवर निदान लॉगमध्ये तरी ते उमटू द्या. पीएचपी ९ मध्ये या इशाऱ्याची जागा थेट एररने घ्यायची, असे ठरलेले आहे.

दुसरी पायरी: प्रत्येक प्रॉपर्टी टाइपसकट (माहितीच्या प्रकारासकट) जाहीर करा

क्लासच्या सुरुवातीलाच सगळ्या प्रॉपर्टी लिहून काढा. कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) `$this` वर, म्हणजे त्याच ऑब्जेक्टवर, हवे ते नाव टाकून प्रॉपर्टी जन्माला घालण्याची सवय सोडा. टाइप देण्याची सोय ७.४ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे.

टाइप दिल्याने एक महत्त्वाचा फरक पडतो. बिनटाइपची प्रॉपर्टी किंमत न देता वाचली तर निमूटपणे ‘नल’ (काहीच नाही) मिळते. टाइप असलेली प्रॉपर्टी किंमत मिळण्याआधी वाचली तर एरर येते. ही एरर टाळण्यासाठी उगाच शून्य किंवा रिकामी स्ट्रिंग (मजकूर) भरून ठेवणारे बरेच दिसतात. तसे करू नका. थकबाकी ठाऊक नसणे आणि थकबाकी शून्य असणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. किंमत खरोखरच नसू शकते, तिथेच टाइपच्या आधी प्रश्नचिन्ह द्या. पैसे भरल्याची तारीख हे त्याचे सरळ उदाहरण.

फाइलच्या अगदी सुरुवातीला `डिक्लेअर(स्ट्रिक्ट_टाइप्स=1);` लिहा. ते नसेल तर ‘इंट’ (पूर्णांक) प्रॉपर्टीत "1500" ही स्ट्रिंग टाकली तरी गुपचूप आकड्यात बदलून घेतली जाते. 1500.50 टाकले तर वरचे ५० पैसे गळतात, आणि तिथेही ८.१ पासून मिळतो तो फक्त ‘डेप्रिकेटेड’ इशारा. रकमांचा हिशोब रुपयांऐवजी पैशांतच, पूर्णांकात ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. ‘स्ट्रिक्ट_टाइप्स’चा नियम ज्या फाइलमध्ये लिहिला, त्याच फाइलमधल्या ओळींना लागू होतो, हेही ध्यानात असू द्या.

तिसरी पायरी: कोणी लिहायचे ते ठरवा

इथे जरा वेळ घालवा. सदनिकेचा क्रमांक एकदा ठरला की बदलायचा नाही, म्हणून तो ‘रीडओनली’ (फक्त वाचण्याजोगा). ही सोय ८.१ ची. थकबाकी बदलते, पण ती क्लासच्या आतूनच बदलली पाहिजे. त्यासाठी ८.४ मध्ये ‘प्रायव्हेट(सेट)’ आले आहे: वाचायला सर्वांना मोकळीक, लिहायला फक्त क्लासला.

```
फायनल क्लास देयक
{
    पब्लिक फंक्शन __कन्स्ट्रक्ट(
        पब्लिक रीडओनली स्ट्रिंग $सदनिका,
        पब्लिक प्रायव्हेट(सेट) इंट $थकबाकी,
    ) {}

    पब्लिक फंक्शन भरणा(इंट $पैसे): व्हॉइड
    {
        इफ ($पैसे <= 0) {
            थ्रो न्यू इनव्हॅलिडआर्ग्युमेंटएक्सेप्शन();
        }
        $this->थकबाकी -= $पैसे;
    }
}
```

प्रॉपर्टी इथे कन्स्ट्रक्टरच्या कंसातच जाहीर झाल्या आहेत. वेगळ्या ओळी लागत नाहीत. आता बाहेरून `$बिल->थकबाकी = 0;` लिहिले तर एरर येते. ज्याला थकबाकी कमी करायची आहे, त्याला ‘भरणा’मधूनच जावे लागते. ८.४ हाताशी नसेल तर थकबाकी ‘प्रायव्हेट’ करा आणि वाचण्यासाठी छोटी मेथड (क्लासमधले फंक्शन) द्या. चार ओळी वाढतील, संरक्षण तेवढेच मिळेल.

‘रीडओनली’बद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. प्रॉपर्टीत ऑब्जेक्ट असेल तर तो दुसऱ्या ऑब्जेक्टने बदलता येत नाही, पण त्याच्या आतली माहिती बदलता येते. देय तारीख ‘डेटटाइम’ म्हणून ठेवली, तर बाहेरचा कोणीही तिच्यावर ‘मॉडिफाय’ चालवून ती पुढे ढकलू शकतो. तिथे ‘डेटटाइमइम्युटेबल’च वापरा. ‘रीडओनली’ला टाइप लागतोच, आणि जाहीर करतानाच्या ओळीत तिला डीफॉल्ट किंमत देता येत नाही.

चौथी पायरी: नव्या नावांना दार बंद करा

वरच्या क्लासमध्ये ‘थकबाकि’ लिहिले तर अजूनही इशाराच मिळतो, एरर नाही. सगळ्याच प्रॉपर्टी न बदलणाऱ्या असतील तर अख्खा क्लास ‘रीडओनली’ करा (८.२ पासून), अशा क्लासला अनोळखी प्रॉपर्टी जोडू गेले की थेट एरर येते. आपल्या बिलाला हे लागू होत नाही, कारण थकबाकी बदलते. तिथे ‘__सेट’ ही मेथड लिहा आणि तिच्यात एक्सेप्शन (काम थांबवणारी एरर) फेका. नाव अनोळखी असले की पीएचपी ती मेथड बोलावते आणि काम तिथेच थांबते. अनेक क्लासना हे हवे असेल तर ती मेथड एका ट्रेटमध्ये (अनेक क्लासना वापरता येणाऱ्या कोडच्या तुकड्यात) ठेवा.

जुन्या कोडचे काय?

जुना प्रकल्प ८.२ वर नेला की लॉगमध्ये अशा इशाऱ्यांची रांग लागते. क्लासवर ‘अलाउडायनॅमिकप्रॉपर्टीज’ हे अ‍ॅट्रिब्यूट (क्लासला जोडायची खूण) लावले की ते गप्प होतात, पण ही सूट त्या क्लासच्या वारसांनाही, म्हणजे त्याच्यावरून बनवलेल्या क्लासनाही मिळते. म्हणून बेस क्लासवर ते लावण्याआधी दहा वेळा विचार करा. त्यापेक्षा लॉगमधले एकेक नाव घेऊन पाहा. बहुतेक नावे जाहीर करायची राहून गेलेली निघतील. ती सरळ क्लासमध्ये लिहा. नावे आधी ठाऊकच नसतील, उदाहरणार्थ बाहेरून आलेली मोकळी माहिती, तर अ‍ॅरे (यादी) किंवा ‘एसटीडीक्लास’ हा पीएचपीचा तयार रिकामा क्लास वापरा. ‘एसटीडीक्लास’ला हा नियम लागू नाही. उरलेल्यांत एखादी खरीखुरी ‘थकबाकि’ सापडेल. ती दुरुस्त केल्यावर डेटाबेसमधल्या जुन्या नोंदीही तपासा, कारण चुकीच्या रकमा तिथे आधीच जाऊन बसलेल्या असतात.